तेरड्याची पावलं

गौरी आणायच्या दिवशी आजी आम्हाला परसातला तेरडा उपटून आणायला पाठवायची. अट एकच, मुळासकट आणायचा. आमच्याकडे तेरड्याची गौर; मुळं म्हणजे तिची पावलं. ती तुटली तर गौर उंबरा ओलांडून येणार कशी? मुळं आम्ही जपायचो ती आजीच्या धाकाने. जीव खरा अडकलेला असायचा बोंडांत. पिकून टरारलेलं, लवेमुळे मऊ लागणारं बोंड चिमटीत धरायचं, जरासं दाबायचं, की फट्! सालीच्या पाच पट्ट्या गोगलगायीसारख्या गुंडाळून बोटाला चिकटायच्या आणि बिया कुणाच्या केसांत, कुणाच्या कॉलरमध्ये. घरी पोचेपर्यंत गौरीच्या अंगावर पिकलेलं बोंड औषधालाही उरत नसे.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण ज्याने केली त्याने फुलाकडे पाहिलं, बोंडाकडे पाहिलं नाही. त्या बोंडाचा हिशेब तीन दिवसांचा नाही. तो कोट्यवधी वर्षांचा आहे, आणि सुरू होतो सेकंदाच्या अडीचशेव्या भागापासून.

उत्तर अमेरिकेतल्या ओढ्याकाठी नारिंगी फुलांचा एक तेरडा उगवतो. त्याच्या बोंडाचं फुटणं संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं तेव्हा भरलं ४.२ मिलिसेकंद. आपली पापणी लवते तेवढ्या वेळात अशी तीसेक बोंडं एकामागून एक फुटून होतील. या फुटण्यामागचा दाब येतो पाण्यातून. सालीच्या पेशी पाणी पिऊन तट्ट फुगतात आणि ताणलेल्या स्प्रिंगसारख्या वाट बघत बसतात. सालीचं वजन लक्षात घेतलं तर तिच्यात साठलेली ऊर्जा स्प्रिंगच्या पोलादाच्या तोडीची आहे. एवढा जामानिमा, पण त्या ऊर्जेपैकी बियांच्या वाट्याला किती येते? सुमारे अर्धा टक्का. बाकीची साल स्वतःलाच गुंडाळून घेण्यात खर्च करते. सरकारी योजनेची आठवण होईल असा हा कारभार. पल्ला पडतो मीटर-दोन मीटरचा. आमच्या परसाची रुंदीही त्यात पार होत नसे.

मला चक्रावून टाकतो तो याच्या पुढचा आकडा. तेरड्याच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रात इम्पेशन्स म्हणतात, म्हणजे अधीर, उतावीळ. या एका प्रजातीत आज हजाराहून अधिक जाती आहेत. आणि ज्या कुळात ती मोडते त्यात प्रजाती दोनच. एक ही. दुसरीचं नाव हायड्रोसेरा, आणि तिच्यात जाती किती? एक. सख्ख्या दोन बहिणी, एकीच्या घरी हजार लेकरं आणि दुसरीच्या घरी एकुलतं एक.

हायड्रोसेराचं फूल पाहिलं तर तेरड्याचंच वाटेल, फक्त जुन्या घाटणीचं. हिच्या पाचही पाकळ्या सुट्या असतात. तेरड्यात बाजूच्या पाकळ्या दोन-दोन जोडून गेलेल्या असतात. खरा फरक फळात आहे. हायड्रोसेराचं फळ फुटत नाही. ते गरदार असतं, गळून पाण्यात पडतं आणि वाहत जातं. झाड दलदलीत, पाणथळीत राहणारं, तेव्हा पाणी पायाशीच. भारत-श्रीलंकेपासून दक्षिण चीन आणि थेट इंडोनेशियापर्यंत सखल भागातल्या पाणथळीत तीच ती एक जात पसरली आहे. उलट तेरड्याच्या जातींपैकी कितीतरी अशा की एखाद्या डोंगररांगेबाहेर, कधी एखाद्या दरीबाहेर सापडायच्या नाहीत. फिरस्तीने मुलूख मारला, पण वंश एकच राहिला. घरकोंबड्या बहिणीने मुलूख तुकड्यातुकड्याने घेतला आणि हजार चुली मांडल्या.

हजार म्हटलं की छाती दडपते. पण बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवा. एकाचे दोन, दोनाचे चार, असं दहा वेळा केलं की १०२४ होतात. म्हणजे एका जातीपासून हजार व्हायला फक्त दहा दुपटी पुरतात. इम्पेशन्सच्या आजच्या शाखा फुटायला लागल्या त्याला अंदाजे दोन कोटी वर्षं झाली, उगम बहुधा चीनच्या दक्षिण भागातला. दोन कोटी भागिले दहा, सरासरी वीस लाख वर्षांत एक दुप्पट. मधे ज्या जाती नामशेष झाल्या त्यांची वजाबाकी यात आपोआप आली. या हिशेबात आणखी एक गंमत दडली आहे. शेवटच्या दोन दुपटींत २५६चे १०२४ होतात. म्हणजे चारातल्या तीन जाती शेवटच्या चाळीस लाख वर्षांतल्या. तेरड्याचं घराणं जुनं आहे, पण माणसं बहुतेक तरणीताठी. जनुकांवरून काढलेली वंशावळही साधारण हेच सांगते.

आता हेच माप सगळ्या फुलझाडांना लावून बघू. फुलणाऱ्या वनस्पतींच्या ज्ञात जाती तीन लाखांच्या वर. त्यांचे सर्वांत जुने निर्विवाद परागकण साधारण साडेतेरा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. तीन लाख व्हायला अठराहून थोड्या जास्त दुपटी लागतात, म्हणजे दुपटीला सुमारे चौऱ्याहत्तर लाख वर्षं. तेरडा या सरासरीच्या साडेतीनपटीहून अधिक वेगाने धावला. तेही दीड मीटर उडी मारणाऱ्या पायांनी.

वीस लाख वर्षं म्हणजे नेमकं किती, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. मग पिढ्यांनी मोजून पाहिलं. वर्षायू तेरड्याच्या त्या वीस लाख पिढ्या. माणसाच्या तेवढ्या पिढ्या व्हायला, पंचवीस वर्षांची पिढी धरली तर, पाच कोटी वर्षं लागतील. तितकं मागे गेलं तर आपले पूर्वज माकडही म्हणवून घेण्याजोगे नव्हते.

सह्याद्रीवर या. डोंगर सुमारे १६०० किलोमीटर लांब. तेरड्याची वस्ती वर्षाला एक मीटर पुढे सरकते असं धरू. तापीकडून निघालेला तेरडा सोळा लाख वर्षांत कन्याकुमारीजवळ पोचेल. दोन कोटी वर्षांत तो या डोंगराच्या बारा-साडेबारा फेऱ्या मारू शकतो. मग एकच तेरडा सगळीकडे का नाही? सह्याद्रीत, म्हणजे पश्चिम घाटात, शंभराहून अधिक जाती, त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, असं का?

कारण अंतर हा अडसर नव्हताच. अडसर आहे मधली कोरडी जागा. तेरड्याचं अंग म्हणजे पाण्याने भरलेली नळी. खुडून टेबलावर ठेवला तर तासाभरात मान टाकतो. त्याला सावली, धुकं, ठिबकतं पाणी हवं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कासच्या पठारावर सप्टेंबरात गुलाबी-जांभळ्या इम्पेशन्स लॉआयचा गालिचा पसरतो. पायाखाली जांभा, त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. तेरड्याचं घराणं जन्मलं तेव्हाच हा पाषाण चार कोटी वर्षांहून जुना होता. जांभ्याच्या खळग्यात वीतभर मातीसुद्धा नसते, चार महिने पाणी असतं, आणि नोव्हेंबरात तीच जागा तव्यासारखी. त्या चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, फुटायचं आणि बी टाकून मोकळं व्हायचं. पठाराच्या कडेशी उभं राहिलं की समोरचा सडा दिसतो, मधे खोल दरी. त्या दरीच्या उतारावर पडलेलं बी झाडीच्या अंधारात नाहीतर उन्हाच्या रखरखीत मरतं. सरळ रेषेत चार-पाच किलोमीटर, पण दीड-दीड मीटरच्या पावलांनी ते चालायचं तर प्रत्येक पावलावर एक वर्ष जगावं लागतं, आणि मधे जगायला जागाच नाही. डोंगरावरचे सडे म्हणजे तेरड्याच्या दृष्टीने बेटं. कड्यावरच्या ठिबकत्या भिंतीवर गड्डे रोवून बसणारा इम्पेशन्स अकौलिस वेगळा, आणि महाबळेश्वराच्या वाटेवर पिवळीधमक फुलं लावणारा डाल्झेलचा तेरडा वेगळा.

पाय लांब असते तर काय झालं असतं, याचं उत्तर कोकणात आणि गोव्यात दारोदारी उभं आहे. नारळ समुद्रात तीन महिनेही तरंगतो आणि मग किनाऱ्यावर रुजतो. उष्ण कटिबंधातला जवळपास प्रत्येक किनारा त्याने आणि त्याला होडीत घालून नेणाऱ्या माणसाने व्यापला. जाती किती? सगळ्या महासागरांत मिळून एक. बाणवली म्हणा, सिंगापुरी म्हणा, शास्त्राच्या वहीत नाव एकच. जो सगळीकडे पोचतो त्याला कुठेही एकटं राहायला मिळत नाही, आणि एकटं राहिल्याशिवाय वेगळं होता येत नाही.

आखूड पाय म्हणजे भरपूर जाती, असं सरळ गणित मांडायचा मोह होतो. तो मोडायला दर्याई नारळ आहे. फकिरांच्या हातात काळं, दोन पुठ्ठ्यांचं भिक्षापात्र असतं ना, ते याच्याच कवटीचं. हे जगातलं सर्वांत मोठं बी. एकेक वीस किलोच्या आसपास, क्वचित पंचवीसपर्यंत. पिकायला सहा-सात वर्षं. जिवंत बी पाण्यात बुडतं; तरंगत मालदीव आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागायच्या त्या आतून कुजून पोकळ झालेल्या कवट्या. म्हणून तर त्याच्या शास्त्रीय नावात मालदीव आलं, आणि झाड मालदीवमध्ये नाहीच. ते रानात आपसूक उगवतं फक्त सेशेल्समधल्या प्रालिन आणि क्युरिअस या दोन बेटांवर. पाय नाहीत, जात एकच, मुलूख दोन बेटांचा. अजिबात न हलणाराही वाढत नाही, कारण वेगळं व्हायला आधी कुणीतरी दुसऱ्या बेटावर पोचावं लागतं.

तेरड्याची मेख इथे आहे. तो रोज चालत नाही, पण कधी एकदा उडतो. समजा एका सड्यावर दहा लाख रोपं आहेत आणि रोपाला पन्नास बिया. वर्षाला पाच कोटी बिया झाल्या, दहा लाख वर्षांत पन्नास लाख कोटी. हा माझा पाटीवरचा हिशेब, कुणी मोजलेला नव्हे. पण त्यातलं एखादं बी पुराच्या लोंढ्यात, गव्याच्या खुराच्या चिखलात किंवा दरड कोसळताना पलीकडच्या सड्यावर पडायला दहा हजार वर्षांत एकदाच संधी मिळाली, तरी दहा लाख वर्षांत ती शंभरदा मिळते. एकदा पोचलं की पुन्हा दार बंद. रोज ये-जा असती तर दोन्ही सडे एकच घर झाले असते.

बी थांबलं, पण परागकणाचं काय? मधमाशी दरी ओलांडते, पतंग तर सहज. तिथे दुसरं कुलूप येतं. तेरड्याचं फूल हातात घेऊन उलटं करा. खालचं एक दल नरसाळ्यासारखं होऊन मागे बारीक, वाकड्या शेपटीत संपतं. मध त्या शेपटीच्या टोकाला. फुलाच्या तोंडाशी वर एक पांढुरकी टोपी असते, पुंकेसरांची. कीटक आत शिरला की टोपीवरची भुकटी त्याच्या पाठीला लागते. नंतर टोपी गळून पडते आणि तिच्याखाली दडलेला स्त्रीकेसर उघडा होतो. फूल आधी नर, मग मादी. शेपटी किती लांब, किती रुंद, किती वाकडी यावर आत कोण शिरणार हे ठरतं. जातीजातीत ती कुठे नुसती पिशवी, कुठे दोऱ्यासारखी लांब. मधमाशीच्या जिभेचं फूल आणि पतंगाच्या सोंडेचं फूल एकाच ओढ्यावर शेजारी उगवली तरी त्यांचं सूत जुळत नाही.

ही शेपटी लांबवायला निसर्गाला किती खटाटोप करावा लागतो? थंड प्रदेशातल्या कोलंबाइन या फुलात ते मोजून झालं आहे. तिथे शेपटीची लांबी जातीगणिक साडेसात मिलिमीटरपासून १२३ मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे सोळा पट. त्यासाठी नव्या पेशी हव्यात असं कुणालाही वाटेल. पण या फरकातला ९९ टक्के वाटा पेशींच्या ताणण्याचा निघाला. गोल पेशी लांबोळी झाली, एवढंच. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीने अंग ताणलं आणि मधमाशीच्या जागी पतंग आला. कोलंबाइनच्या आज सुमारे सत्तर जाती आहेत. शेपटी नसलेल्या त्यांच्या जवळच्या नातलगांत एक-दोन.

ऑर्किडांनी मात्र माझं पायांचं गणित सपशेल उधळलं. त्यांचं बी म्हणजे धूळ, कित्येकांचं वजन मायक्रोग्रॅमच्या आसपास. अठरा किलोच्या एका दर्याई नारळाच्या वजनात अशा अठराशे कोटी बिया बसतील. जगातल्या प्रत्येक माणसाला दोन-दोन दिल्या तरी उरतील. डार्विनने १८६२च्या पुस्तकात एका ठिपक्यांच्या ब्रिटिश ऑर्किडचा हिशेब मांडला आहे. एका रोपाच्या बिया सुमारे एक लाख ८६ हजार. बाद बिया वजा करून बाकीच्या सगळ्या रुजल्या तर एकराचं रान भरेल. नातवंडं अँगल्सी बेट व्यापतील, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर जिल्हा मिळून जेवढी जमीन त्याहून थोडी जास्त. आणि पतवंडं? पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन. तीन पिढ्यांत! असं होत नाही, कारण धुळीत शिदोरी नसते. बीजाला नेमकी बुरशी भेटली तरच ते रुजतं. लाखो उडतात, एखादंच टिकतं. म्हणजे उडून दूर जाणं आणि पोचून तग धरणं यांत इतकी तफावत की ऑर्किडही शेवटी तेरड्यासारखंच वागतं : मोठी उडी, पण विरळा. वर फुलांची कुलपं अशी की मादागास्करच्या एका ऑर्किडची मधाची नळी हातभर नाही तरी चांगली फूटभर. एवढ्या सोंडेचा पतंग असणारच, असं डार्विनने सांगितलं. तो १९०३मध्ये शास्त्रात नोंदला गेला, सांगणारा जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर. ऑर्किडांच्या जाती आज अठ्ठावीस हजारांच्या घरात.

फुलझाडं एवढ्या झपाट्याने फुटली कशी, हा काटा डार्विनला शेवटपर्यंत सलत होता. १८७९च्या जुलैत त्याने मित्राला, जोसेफ हूकरला, लिहिलेल्या पत्रात या कोड्यावर अगदी चिडून लिहिलं आहे. योगायोग असा की त्याच हूकरने आयुष्याची शेवटची वर्षं तेरड्यांना दिली. १९११च्या डिसेंबरात, चौऱ्याण्णव्या वर्षी तो गेला, तोवर काम चालू होतं. तेरड्याचं फूल दाबून वाळवलं की आकार पार जातो; कागदावर उरतो तपकिरी डाग. तो भिजवायचा, सुईने पाकळी पाकळी सोडवायची, मग शेपटी मोजायची. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने हे उद्योग का करावेत? मला वाटतं, मित्राच्या कोड्याची एक छोटी प्रत त्याच्या टेबलावर होती.

हूकर लंडनच्या ज्या क्यू बागेचा संचालक होता, तिथेच १८३९मध्ये हिमालयातला एक तेरडा आणला गेला. माणसाहून उंच, गुलाबी, देखणा. रोपाला साधारण आठशे बिया, उडी जास्तीत जास्त सात मीटर, तेरड्यांत ही चांगलीच. नुसत्या उडीने तो वर्षाला सात मीटर सरकला असता तर २०२५पर्यंत १३०२ मीटर गेला असता, म्हणजे बागेच्या कुंपणाबाहेर जेमतेम. प्रत्यक्षात १८५५मध्येच तो रानात मोकळा सापडला. आज ब्रिटनभरच्या नद्यांकाठी, युरोपच्या मोठ्या भागात आणि उत्तर अमेरिकेतही तो आहे. बिया पुराच्या पाण्याने नेल्या, आणि हौशी माळ्यांनी खिशातून. २०१७मध्ये युरोपीय संघाने त्याला घातक परक्यांच्या यादीत घातलं. ब्रिटनने तर त्याच्या मागावर हिमालयातूनच एक तांबेरा बुरशी आणून २०१४पासून सोडली आहे.

एवढा मुलूख मारून जात मात्र एकच राहिली, हायड्रोसेरासारखी. तरी काहीतरी हललं आहे. युरोपच्या वेगवेगळ्या अक्षांशांवरचं बी एकाच बागेत शेजारी लावलं, तर उत्तरेकडून आलेली रोपं लवकर फुलतात आणि बुटकी राहतात. उन्हाळा आखूड आहे हे ती आईकडून शिकून आली. पावणेदोनशे वर्षांत, तेवढ्याच पिढ्यांत. वीस लाखांच्या दुपटीतला हा दहा हजारावा हिस्सा.

आमच्याकडे गौर तिसऱ्या दिवशी ओढ्यावर जायची. आजी पाण्यात गुडघाभर उतरून तेरड्याची जुडी सोडायची. आम्ही उपटताना जी बोंडं कच्ची म्हणून सोडून दिलेली असत, ती तीन दिवस मखरात बसून पिकलेली. जुडी भोवऱ्यात दोनदा फिरायची, खडकाला थटायची, आणि एखाद-दुसरं बोंड तिथेच फुटायचं. मुळं वर, बिया पाण्यात. खालच्या वाडीच्या वळणावर, जिथे कुणाचं परस नाही, तिथे ओढ्याच्या काठाने दरवर्षी तेरडा दाट असे. तो कुणी लावला, असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, "गौर चालत जाते ना तिकडून."